शकुनबाईंच्या चार बांध्या

शकुनबाई हात धुवायच्या ते मातीला हात लावण्याआधी. नंतर नाही; नंतर नुसते फडक्याला पुसायच्या. चंद्रपूरच्या माती तपासणी प्रयोगशाळेत मी रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी हे माझ्या नजरेत आलं आणि मला ते उलटं वाटलं. मी वर्ध्याहून आलेली, रसायनशास्त्राची पदवी ताजी, नियम तोंडपाठ. विचारलं तर म्हणाल्या, "माती बिचारी एवढ्या दुरून येते मॅडम. तिले काऊन माह्या डोक्याचं तेल लावू?"

डोक्याला त्यांच्या खरंच चपचपून तेल असायचं. घट्ट अंबाडा, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली, आणि धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी. पद परिचराचं. शेतकऱ्यांनी आणलेली माती कागदावर पसरायची, सावलीत वाळवायची, लाकडी खलात कुटायची, चाळायची, पिशवीवर नंबर टाकायचा. मी शाळेत गेलेही नव्हते तेव्हापासून त्या हे करत होत्या. माहेर नागभीडजवळच्या एका धानाच्या गावात. बापाने दीक्षा घेतली तेव्हाच ठरवलं होतं म्हणे, की झालेली प्रत्येक पोरगी दहावीपर्यंत शाळेत जाईल. पोरगी एकच झाली आणि ती दहावी पास झाली. लग्न घुग्घुसला झालं. नवरा कोळशाच्या खाणीत कंत्राटी कामगार, तो सहा वर्षांत आजाराने गेला. मूल नव्हतं. बाई घुग्घुसच्या त्याच खोलीत राहिल्या आणि रोज बसने चंद्रपूरला येत राहिल्या.

नंबर टाकण्याआधी त्या प्रत्येक माती हुंगायच्या. एक चिमूट तळहातावर घेऊन, त्यावर दोन थेंब पाणी टाकून, डोळे मिटून. मी पहिले काही महिने हसायचे. मग एक दिवस जिवतीच्या डोंगरातून दोन बस बदलून एक माणूस पिशवी घेऊन आला. बाईंनी हुंगलं आणि पिशवी बाजूला ठेवली.

"भाऊ, ही वावरातली माती नाई."

"वावरातलीच हाय बाई."

"परसातली हाय. भांडे घासाची राख हाय हिच्यात. चुलीजवळची हाय. खरं सांगा, मी काई तुमची बायको नाई."

माणूस खाली बघायला लागला. "रिपोर्ट चांगला याव म्हणून आणली," तो म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्याला चहा पाजला, शेतात पाच ठिकाणी कसं खणायचं ते जमिनीवर काडीने काढून दाखवलं आणि रिकामी पिशवी देऊन परत पाठवलं. तो पुढच्या आठवड्यात खरी माती घेऊन आला. अहवाल वाईट आला. बाईंनी तो त्याला हळू आवाजात वाचून दाखवला, दवाखान्यात नातेवाइकाला सांगतात तसा. "उपाशी हाय भाऊ. खराब नाई. उपाशी अन् खराब यात फरक हाय."

अहवालावर मात्र त्यांचा राग होता. सामू, क्षार, नत्र, स्फुरद, पालाश असे रकाने मी भरत असायचे आणि त्या मागे उभ्या राहून म्हणायच्या, "हे तं हाडं मोजणं झालं. जीव कुठी हाय?"

जीव मोजायची त्यांची स्वतःची रीत होती. जुन्या सुती साडीची वीतभर पट्टी फाडायची, मातीत वीतभर खोल पुरायची आणि महिन्याने काढायची. माती जिवंत असेल तर त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव सूत खाऊन टाकतात. हाती येतात नुसते चार धागे. माती निर्जीव होत चाललेली असेल तर पट्टी धड निघते. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी बापाचा दुपट्टा बांधीच्या चिखलात तुडवला गेला, दिवाळीला सापडला तेव्हा त्याचे फक्त काठ उरले होते, कारण काठ नायलॉनचे होते. मी त्यांना सांगितलं की आमच्या पुस्तकात याला सेल्युलोजचं विघटन म्हणतात. त्यांनी शब्द दोनदा घोळवून बघितला आणि म्हणाल्या, "म्हंजे माह्या बापाचा दुपट्टा."

शेतकऱ्याला अहवालाबरोबर त्या साडीची एक पट्टी द्यायच्या. एका साहेबांनी ते बंद करायला लावलं. कार्यालयाला शोभत नाही म्हणाले. बाईंनी मान डोलावली. साहेब बदलून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्ट्या पुन्हा सुरू झाल्या.

त्यांच्या हट्टाची एक गोष्ट आम्ही सगळे सांगायचो. घुग्घुसला त्यांच्या बसथांब्याजवळ ट्रक दुरुस्तीचं एक गॅरेज होतं. तिथला मिस्त्री इंजिनातलं जळकं तेल मागच्या मोकळ्या जागेत ओतायचा. त्या जागेतलं कडुलिंबाचं झाड एका बाजूने वाळायला लागलं तसं बाईंनी त्याला हटकलं. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "बाई, तेल जमिनीतूनच निघते न? जमिनीतच गेलं तं काय बिघडलं?"

त्या दिवशी बाई तशाच बसमध्ये चढल्या. दुसऱ्या दिवशी अर्धा तास उशिरा आल्या, कारण उत्तर द्यायला म्हणून हातची बस सोडली होती. "म्या म्हटलं त्याले, माणूस बी आईच्या पोटातून निघते. परत घालशील का तुले?" मिस्त्रीने तेल ओतायचं थांबवलं की नाही, ठाऊक नाही. पण बाई थांब्यावर दिसल्या की तो हातातला डबा पाठीमागे धरायचा, एवढं त्याच बसने येणारा आमचा शिपाई शपथेवर सांगायचा.

मग एक टँकर उलटला.

उन्हाळा होता. नागभीडच्या रस्त्यावर, बाईंच्या माहेरच्या गावाबाहेरच्या वळणावर, कुठल्याशा कारखान्याला भट्टीचं तेल घेऊन जाणारा तो टँकर आडवा झाला. डांबरासारखं काळं, जाड तेल. थंडीत ते जागचं हललं नसतं, पण त्या उन्हात पातळ होऊन वाहिलं. रस्त्याच्या खालच्या अंगाला बाईंचा धाकटा भाऊ बाबूराव याच्या चार बांध्या होत्या. इकडे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात. वडिलांनी मागे ठेवलेलं तेवढंच होतं. धान निघून गेलेलं, जमीन भेगाळून पडलेली, भेगा अशा की मनगटापर्यंत हात जावा. तेल त्या भेगांत उतरलं.

बाबूराव तेव्हा तिथेच होता. त्याने आधी केबिनची काच फोडून चालकाला बाहेर ओढलं, खाटेवर घालून गावात नेलं, दवाखान्यात पाठवलं. परत आला तोवर दोन बांध्या भरल्या होत्या आणि तिसरी भरत होती. "माणूस पाहू का माती पाहू?" असं तो नंतर बहिणीला म्हणाला. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात अभिमान होता. भाऊ चुकला असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

टँकरवाल्यांची माणसं आली, रस्त्यावर रेती टाकली, रस्ता मोकळा केला. पंचनामा झाला. कागद गेले. त्या कागदांचं पुढे काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही.

सोमवारी बाई माती घेऊन आल्या. पिशवी उघडताच सगळ्या खोलीत वास पसरला. बाईंनी ती हुंगली नाही. तळहातावर घेतली, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. अळूच्या पानावर राहावेत तसे थेंब मातीवर गोल उभे राहिले. आत शिरेनात.

मी तपासणी केली. सेंद्रिय कर्ब इतका की कोणाला वाटावं जमीन सोन्यासारखी आहे. आणि पिकाला घेता येईल असा नत्र जवळजवळ नाहीच. मी त्यांना समजावून सांगितलं. तेलाने मातीच्या कणांवर थर बसतो, आत हवा जात नाही, पाणी जात नाही. हवेवर जगणारे, नत्र पिकाच्या तोंडी देणारे जे नाजूक जीव असतात ते आधी मरतात. तेल खाऊ शकणारे मूठभर उरतात, तेच वाढत जातात. पण नुसत्या तेलावर त्यांचंही भागत नाही, त्यांना नत्र लागतो. तो ते मातीतून ओरबाडून घेतात. रोपाला काही उरत नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. "म्हंजे पाहुणे आले, घरातलं सारं खाऊन बसले, अन् लेकरू उपाशी."

"हो. पण त्याच पाहुण्यांच्या हातून तेल संपणार आहे. त्यांना हाकलता येत नाही."

"मंग त्याईले जेऊ घालाव लागन," बाई म्हणाल्या.

जेऊ घालायचं म्हणजे शेणखत, आणि थोडा युरिया. ज्या बाईंनी जन्मभर शेतकऱ्यांना युरियावरून झापलं, त्या आता ओंजळ ओंजळ युरिया मोजून टाकणार होत्या. जमीन सारखी नांगरून हवा खेळती ठेवायची. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे बांधीत पाणी साचू द्यायचं नाही. पाण्याखाली हवा नाही, आणि हवेशिवाय तेल कुजत नाही. म्हणजे निदान तीन वर्षं धान नाही. धान सोडून दुसरं काही न जाणणाऱ्या माणसाला हे सांगायचं होतं.

बाबूराव बहिणीला बाई म्हणत असे, आम्ही सगळे म्हणायचो तसंच. तो म्हणाला, "बाई, तू म्हणते तं ठीक हाय." त्याने स्वतः कुदळ घेतली आणि चारही बांध्यांचे धुरे फोडले. बापाने घातलेले बांध होते ते. बाई सांगत होत्या की शेवटचा धुरा फोडताना तो मधेच बसला, बिडी पेटवली, आणि ती न ओढताच विझली.

तेव्हापासून प्रत्येक शनिवारी बाई दुपारची गाडी पकडून नागभीडला जायच्या. सोमवारी परत. हाताला खताचा वास, पायाला काळे डाग. ते डाग रॉकेलने काढावे लागत आणि त्या म्हणायच्या, तेलाले तेलच लागते. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी दोन पट्ट्या पुरल्या, एक शेजाऱ्याच्या चांगल्या बांधीत, एक आपल्यात. महिन्याने दोन्ही मला आणून दाखवल्या. शेजाऱ्याच्या बांधीतली म्हणजे चिमटीत मावतील एवढे धागे. त्यांच्या बांधीतली पट्टी काळी झालेली, पण अख्खी. एक धागासुद्धा सुटला नव्हता. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि खलात माती कुटायला गेल्या. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

दुसऱ्या वर्षी पट्टीला भोकं पडली. ज्वारीच्या दाण्याएवढी, पाच-सहा. बाईंनी ती खिडकीशी उजेडात धरली, मला बोलावलं, शिपायाला बोलावलं, नवीन साहेबांनासुद्धा बोलावलं. "पाहा, खाऊन राह्यले. खाऊन राह्यले!" एवढ्या वर्षांत त्यांना ओरडताना मी तेवढंच एकदा ऐकलं. माझ्या तपासणीतही नत्राचा मागमूस लागला होता.

त्यानंतर जे झालं त्यात माझा हात आहे, म्हणून ते मी नीट सांगायला हवं.

पुढच्या आषाढात बाईंना ताप आला आणि दोन शनिवार त्या गावी गेल्या नाहीत. पाऊस चांगला लागला होता. सगळ्या गावात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होती. बाबूरावाने प्रयोगशाळेत फोन केला. बाई रजेवर होत्या, फोन मी घेतला. "मॅडम, माह्या मातीचा काय रिपोर्ट?" त्याने विचारलं.

मी अहवाल काढला. आनंदाच्या भरात होते. म्हटलं, "भाऊ, खूप सुधारणा आहे."

"खूप?"

"खूपच."

एवढंच बोलणं झालं. 'अजून एक वर्ष थांबा' हे शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मला वाटलं, ते त्याला ठाऊकच आहे.

त्याने धुरे बांधले. पाणी धरलं. शेजाऱ्यांकडे उरलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, मागून आणून चारही बांध्यांत रोवणा केला. तीन दिवसांनी पाण्यावर रंग दिसायला लागले. खालच्या थरात अडकलेलं तेल पाण्याबरोबर वर आलं होतं. आठवड्यात रोपं पिवळी पडली. उपटून बघितली तर मुळं काळी. आणि एका पावसात धुरा ओलांडून ते पाणी खालच्या शेजाऱ्याच्या उभ्या धानात गेलं. शेजारी बाबूरावाच्या दारात येऊन नाही नाही ते बोलला. ज्या माणसाशी बिडी वाटून ओढायची, त्याच्याशी बोलणं तुटलं.

बाई ताप उतरल्यावर गेल्या तेव्हा बाबूराव धुऱ्यावर उकिडवा बसला होता. त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या. काय बोललात, असं मी नंतर विचारलं. "काई नाई. म्हटलं, जेवला का?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्याचं बी खरं हाय मॅडम. सारं गाव चिखलात अन् हा एकटा कोरडा. दोन वर्सं राह्यला. धानाच्या माणसाले आणखी किती सांगाव?"

मला राहवलं नाही. "बाई, त्यांचा फोन मला आला होता. मी म्हटलं की खूप सुधारणा आहे."

"मले मालूम हाय. बाबूनं सांगतलं."

"मी पुढचं बोलायला हवं होतं."

बाईंनी खल पुसला, उपडा ठेवला. "तुम्ही खोटं कुठी बोलल्या? सुधारणा होतीच," त्या म्हणाल्या आणि चहाला गेल्या. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या सोमवारी नव्याने माती आणली, नंबर टाकला, माझ्या टेबलावर ठेवली. त्या मला रागावल्या असत्या तर मला ते सोसलं असतं.

बाबूरावाचं मन बांधीवरून उडालं. तो घुग्घुसला आला, सिमेंटच्या कारखान्यात पाळीने पोती चढवायला लागला आणि बहिणीच्या खोलीत राहू लागला. त्याच सुमाराला बाई निवृत्त झाल्या. त्यांनी खोलीची किल्ली त्याला दिली आणि त्या माहेरच्या घरी जाऊन राहिल्या, जिथून भाऊ निघून आला होता. निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना साडी दिली. त्यांनी बोटांनी पोत चाचपला आणि विचारलं, "सुती हाय न?"

गावी त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा धुरे फोडले, मजूर लावून नांगरट केली, शेण गोळा केलं. खालच्या शेजाऱ्याच्या दारी स्वतः जाऊन बसल्या, भाकर मागून खाल्ली, आणि त्या दिवसापासून त्याच्या गोठ्यातलं शेण त्यांना मिळू लागलं.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. बाई त्यातून वाचल्या, पण दोन गोष्टी गेल्या. दम पूर्वीसारखा राहिला नाही, आणि वास गेला. आज येईल, उद्या येईल करत सहा महिने झाले, वर्ष झालं. मला फोनवर म्हणाल्या, "मॅडम, भात करपला तं शेजारीण सांगाले येते. माती हुंगली तं काईच नाई. कोऱ्या कागदासारखी लागते."

बाबूराव सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलने गावी यायचा. बाई त्याला बांधीवर घेऊन जायच्या, चिमूटभर माती त्याच्या तळहातावर ठेवायच्या आणि त्याच्यावर सोपवायच्या. "सांग. तेलाचा येते का?"

"येते."

"मागच्यापेक्षा कमी का जास्त?"

"सारखाच हाय बाई."

ज्याने या सगळ्यातून अंग काढून घेतलं होतं, तो माणूस असा दर आठवड्याला शंभराहून जास्त किलोमीटर यायचा आणि बहिणीसाठी माती हुंगायचा.

एका उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले, त्या रविवारी बाबूरावही आला होता. बाई घरापासून बांधीपर्यंत तीनदा बसत आल्या. ओठ निळसर दिसत होते. हृदय नीट काम करत नाही असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बांधीत पोचल्यावर त्यांनी भावाच्या हातावर माती ठेवली. त्याने डोळे मिटून हुंगली. मला तीन हातांवरूनही तेलाचा वास येत होता.

बाबूराव म्हणाला, "बाई, गेला वो. मातीचा वास येऊन राह्यला. बाबा असतानी येत होता तसा."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"बाबू," त्या म्हणाल्या, "लहानपणापासून खोटं बोलतानी तू नाक खाजवते."

बाबूरावाने नाकावरचा हात खाली घेतला. साठीला आलेला माणूस, पण त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाईंनी पदराने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चाल, भात मांडू."

त्याच वर्षी, धान कापणीला यायच्या आधी, बाई गेल्या. पहाटे झोपेतच. गावातल्या बायकांनी वंदना म्हटली. मला फोन आला तोवर सगळं आटोपलं होतं.

बांध्या अजून आहेत. बाबूराव कारखाना सोडून परत गावी राहायला गेला. शेवटच्या बांधीच्या एका कोपऱ्यात, रस्त्यापासून सगळ्यात लांब, त्याने मागच्या हिवाळ्यात लाखोळीची डाळ पेरली. ती उगवली, निळी फुलं आली, आणि त्याने चार रोपं मुळांसकट उपटून मला प्रयोगशाळेत आणून दाखवली. मुळांवर गाठी होत्या, बारीक, पण आतून गुलाबी. म्हणजे तिथे नत्र धरणारे जीव परतले आहेत. तो कोपरा सोडला तर बांध्या तशाच आहेत. किती वर्षं लागतील, त्याने विचारलं. मी या वेळी घाई केली नाही. म्हटलं, "भाऊ, मला माहीत नाही." तो बरं म्हणाला आणि गेला.

बाईंचा विषय निघाला की मला त्या शेवटच्या आषाढातल्या आठवतात. मी कामानिमित्त ब्रह्मपुरीकडे निघाले होते. गावाच्या वळणावर जीप थांबवायला लावली आणि उतरले. रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्याच कोणाच्या बांधीत, रोवणा चालला होता. वीसेक बायका ओळीने वाकलेल्या, एका लयीत मागे सरकत, गाणं म्हणत. त्या ओळीत बाई होत्या. डॉक्टरांनी जिना चढायचीही मनाई केलेल्या बाई, पोटरीभर चिखलात, लुगड्याचा काचा मारून. त्यांची पात मागे पडली होती, बरीच मागे. दोन रोपं खोचायच्या, हात गुडघ्यावर टेकून उभ्या राहायच्या, पुन्हा वाकायच्या.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात ओळीतल्या दोन बायका आपली पात संपवून गाणं न थांबवता आल्या, बाईंच्या दोन्ही बाजूंना वाकल्या आणि त्यांची राहिलेली जागा भरू लागल्या. बाईंनी त्यांना हटकलं नाही, वरही बघितलं नाही. त्यांच्या हातात एक मूठ पऱ्हे उरले होते. ते त्यांनी एकेक करून, अगदी सावकाश, सरळ रेषेत लावले.

मी परत जीपमध्ये येऊन बसले.